डाव्या बाजूचा आकडा

बोरिवलीच्या एका सोनोग्राफी सेंटरने माझ्या बायकोला फसवलं. तिच्या डाव्या बरगडीला यंत्र लावलंच नाही आणि रिपोर्टात डाव्या बाजूचा आकडा मात्र लिहून दिला. खाली सही आणि गोल शिक्का. त्या आकड्याच्या जोरावर मी डॉक्टरांशी भांडून सहा आठवडे मिळवले आणि पाचव्याच आठवड्यात ती माझ्या डोळ्यांसमोर जाता जाता राहिली.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, रंग. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळा सोडून डोक्यावर घमेलं घेतलं. आज माझ्या स्वतःच्या परांच्या आहेत, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा आहे. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलं. कुणी सांगितलेली पहिली किंमत मी आयुष्यात मान्य केली नाही, मग तो सिमेंटवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की भाजीवाली. आवाज चढवायला मला वेळ लागत नाही. बायको म्हणायची, "अहो कंत्राटदार, समोरचा बहिरा नाही आहे."

आता ती म्हणत नाही. तिची जीभच आधी गेली.

धंद्याचा फोन तीच घ्यायची. सेक्रेटरी लोकांना कसं गुंडाळायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. एके दिवशी आमच्या कांदिवलीतल्याच एका सोसायटीचे सेक्रेटरी तिला फोनवर म्हणाले, "काय वहिनी, तोंडात पान आहे का?" ती हसली, म्हणाली, "हो ना, तुमच्यासाठी पण लावते." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी गेलो तर म्हणाली, "मी पान खाल्लं नाही." ते तिने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा 'खाल्लं' तिला नीट म्हणता आलं नाही.

मग नाक-कान-घसावाले झाले, दातवाले झाले, मेंदूचा एमआरआय झाला. शेवटी आमच्याच भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी तिची जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. जीभ आतल्या आत थरथरत होती. मोटर न्यूरॉनचा आजार आहे, म्हणाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. बरा होत नाही. सांभाळता येतो.

मी विचारलं, "किती सांभाळता येतो?"

"ते श्वासावर आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी घाबरलेला माणूस आहे. लोकांना मी रागीट दिसतो, तसा तर मी नेहमीच दिसायचो. पण साइटवर परांचीवर उभा असताना मध्येच मला आठवायचं की आत्ता ती घरी श्वास घेते आहे, आणि तो मोजायला तिथे कोणी नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

श्वासाची पहिली तपासणी फुंकायची होती. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोराने सोडायचा. तिचे ओठ नळीभोवती घट्ट मिटेनात. हवा बाजूने निसटायची. ती लाजली, पदराने तोंड पुसलं, परत केलं. परत तेच. डॉक्टर बाई म्हणाल्या, या आकड्यावर आपण विश्वास ठेवायचा नाही, कारण तो फुप्फुसाचा नाही, ओठांचा आकडा आहे. त्यापेक्षा आपण थेट श्वासपटल बघू. छाती आणि पोट यांच्या मधला जो स्नायूचा पडदा आहे, तो श्वास घेताना खाली सरकतो आणि जाड होतो. सोनोग्राफीत ते दिसतं. तो किती जाड होतो, किती सरकतो, हे दोन्ही बाजूंना मोजायचं. काही आठवड्यांनी परत मोजायचं. उतार किती वेगाने चालला आहे ते कळलं की झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन कधी लागणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

"अंदाज?" मी म्हटलं. "गॅरंटी नाही?"

"नाही."

"मॅडम, मी गच्चीची दहा वर्षांची गॅरंटी देतो."

"मग गळत नाही का?" त्यांनी शांतपणे विचारलं. बायको त्या आजारात पहिल्यांदा खदखदून हसली. हसताना तिला ठसका लागला आणि मी तिची पाठ चोळू लागलो.

ती पहिली सोनोग्राफी त्याच हॉस्पिटलात झाली. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास घेतला. बसवून बघितलं, मग आडवं करून. आडवं केल्यावर ती घाबरली, माझं मनगट पकडलं. उजव्या बाजूला यकृत असतं, त्यातून पडदा स्वच्छ दिसतो, असं त्यांनी मला सांगितलं. डाव्या बाजूला मधे हवा येते, शोधावं लागतं. त्यांनी शोधलं. पडद्यावर एक पांढरी रेघ दिसली. "हं, आता मोठा श्वास घ्या." रेघ हलली की नाही मला कळलं नाही. "घ्या ना मोठा श्वास." तिचे खांदे वर गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या आणि रेघ जागच्या जागी राहिली. मी भिंतींवर हातोडी ठोकून आत पोकळ काय आहे ते ओळखणारा माणूस. त्या रेघेवरून मी नजर काढून घेतली.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी रिपोर्ट वाचला. डावी बाजू जवळजवळ काम करत नाही, उजवी दमत चालली आहे. मशीन याच आठवड्यात सुरू करू या. आत्ता थोडा थोडा वेळ मास्क लावून सवय झाली तर पुढे जड जाणार नाही. शिवाय रक्तातला वायू तपासू, रात्रभर बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघू.

बाहेर आलो तर कॉरिडॉरमध्ये गळ्यात टाय घातलेला एक माणूस. "सर, बायपॅप मशीन बघताय का? आपल्याकडे सगळ्या कंपन्यांचे आहेत." आणि कार्ड.

झालं. मला वाटलं, सगळं कळलं. मशीन खपवायला रिपोर्ट.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. सोसायटीच्या कुठल्याही मोठ्या कामाला तीन कोटेशन लागतात. तसा नियम आहे. पण काम कुणाला द्यायचं हे कमिटीने बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. मग ज्याला काम मिळणार तोच बाकीची दोन कोटेशन आणून देतो. दोस्तांकडून घ्यायची, आपल्या आकड्याच्या आसपासची, जरा चढी. आम्ही त्याला सपोर्ट कोटेशन म्हणतो. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. त्यामुळे दोन कोटेशन एकमेकांशी फार जुळली की मी सावध होतो.

बायकोला म्हटलं, "आपण अजून दोघांना दाखवू या."

तेव्हा ती थोडंफार बोलत होती. "कशाला?"

"तीन घेतल्याशिवाय सही करायची नाही."

"मी काय गच्ची आहे?"

मुलुंडला एक वयस्क रेडिऑलॉजिस्ट होते. त्यांनीही अर्धा तास घेतला, दोन्ही बाजू बघितल्या आणि जवळपास तेच लिहून दिलं. त्यांनी पहिला रिपोर्ट माझ्याकडून मागून घेतला होता. घरी येऊन मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. इतके जुळत होते की माझी खात्रीच पटली. सपोर्ट. एकाने लिहिलं, दुसऱ्याने री ओढली. दोन प्रामाणिक माणसांनी एकच भिंत ठोकली तर दोघांना एकच आवाज येणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मी ते येऊ दिलं नाही. कारण ते खरं असेल तर माझ्या बायकोचा श्वास संपत आला होता.

तिसरं हे बोरिवलीचं सेंटर. स्टेशनजवळ, काचेचं दार, आत गार हवा. मुलुंडच्या रिपोर्टनंतर आठ दिवसांनी गेलो. नंबर लगेच लागला. आतल्या माणसाने एक नजर चिठ्ठीवर टाकली, दुसरी घड्याळावर.

"मावशी, झोपा."

तिने हात हलवून नाही म्हटलं. आडवं झालं की तिला गुदमरायचं.

"बरं, टेकून बसा. श्वास घ्या. सोडा. घ्या. झालं."

मी दाराजवळ तिची पिशवी धरून उभा होतो. पाच मिनिटंही झाली नसतील. मला वाटलं, बघा, याला म्हणतात हात बसलेला. माझा जुना गवंडी पण असाच, ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करायचा.

अर्ध्या तासात रिपोर्ट. श्वासपटलाची हालचाल दोन्ही बाजूंना नॉर्मल. मी तो कागद काउंटरवरच तीनदा वाचला आणि तिथल्या मुलीला विनाकारण थँक्यू म्हणालो. रिक्षात बसल्यावर बायकोने पाटी काढली. बटण दाबलं की पुसली जाणारी ती मुलांची पाटी असते ना, ती मी तिला आणून दिली होती. बराच वेळ काहीतरी लिहीत होती. मग माझ्यापुढे धरली.

"डावीकडे जेल लावलंच नाही."

मी म्हटलं, "लावलं असेल. तुला कळलं नसेल."

तिने माझा हात घेतला, आपल्या ब्लाउजच्या डाव्या कडेखाली बरगडीवर ठेवला. कोरडी त्वचा. मग उजवीकडे. चिकट, अजून ओलं.

आणि मी तिच्यावर ओरडलो. भर रिक्षात. "चांगलं आलंय ते बघवत नाही का तुला? डॉक्टर तू आहेस की ते?" रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. तिने बटण दाबलं. पाटी कोरी झाली.

मला तेव्हाच कळलं होतं. रिपोर्टात उजव्या आणि डाव्या बाजूचा आकडा एकच होता, दशांशासकट. ज्या इमारतींत मी कधी पाऊल ठेवलं नाही त्यांच्या गच्चीचं माप मी स्वतः सपोर्ट कोटेशनात दशांशासकट लिहून दिलेलं आहे. दशांश लिहिला की माणसाला वाटतं मोजूनच लिहिलंय. ही युक्ती मला शिकवायची कुणाला गरज नव्हती. पण भीती वाटत असली की माणूस आपल्या आवडीचा आकडा घट्ट धरून बसतो.

तो कागद घेऊन मी न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी बघितला आणि भुवया वर केल्या.

"दोन्हीकडे एकच आकडा? हे नीट दिसत नाही. मी परत करायला सांगते, आज, इथेच."

"म्हणजे तुमचा आकडा येईपर्यंत करत राहायचं?"

"काका, तुम्ही यांच्या गळ्याकडे बघा. श्वास गळ्याने घेतायत त्या."

"तुमच्या बाहेर तो टायवाला उभा असतो, त्याचं काय?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "त्याला मी ओळखत नाही. मशीन कुठूनही घ्या. भाड्याने घ्या. पण घ्या."

मी घासाघीस केली. हो, बायकोच्या श्वासावर मी घासाघीस केली. त्या याच आठवड्यात म्हणत होत्या, मी दोन महिने म्हटलं. रक्ताची तपासणी नको, रात्रीचं यंत्र नको, तिला आधीच किती टोचता. शेवटी त्या दमल्या. सहा आठवड्यांनी परत मोजायचं ठरलं. केसपेपरवर त्यांनी लिहिलं की मशीन आत्ता सुरू करण्याचा सल्ला दिला, नातेवाईकांनी नकार दिला. मला वाटलं, जिंकलो. माझ्या शेजारी खुर्चीत बायको बसली होती. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यांत सगळं समोर दिसत होतं. सकाळी उठली की तिचं डोकं दुखायचं. उशा वाढत गेल्या, दोन, तीन, मग भिंतीला टेकून बसूनच झोप. दिवसा जेवता जेवता डोळे मिटायचे, घास हातात. मी विचारलं तर मान हलवायची, काही नाही. मी तिच्या नकळत तिचे श्वास मोजायला लागलो. चहा पिताना, टीव्ही बघताना, ती नैवेद्याचं पान मांडताना. बरगडीखाली हात ठेवायचो, प्रेमाने ठेवल्यासारखा. श्वास आत जाताना पोट बाहेर यायला हवं. तिचं आत जायचं. मी हात काढून घ्यायचो.

आमची दोघांची मुळं मालवणकडची, पण घरात आम्ही मुंबईचंच बोलतो. मालवणी तिच्या तोंडून फक्त भांडताना यायची, नाही तर घाबरली की. एका संध्याकाळी, दिवे लावून झाल्यावर, तिने पाटीवर लिहिलं, "माका निजाक भय वाटता."

मी लिहिलं नाही, बोललो. "रिपोर्ट नॉर्मल आहे ना."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या मुलाकडे बघावं तसं. खाली लिहिलं, "तुमका पण भय वाटता."

तरीही मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला नाही. केला असता तर मला कबूल करावं लागलं असतं.

पाचवा आठवडा संपत होता. रविवार, दुपारचं जेवण झालेलं. मी सुरमई तळली होती, तिच्यासाठी काटे काढून भातात कालवली होती. ती चार घास जेवली आणि खुर्चीत डोळे मिटले. मी भांडी घासून आलो. टीव्ही चालू होता. तिचं तोंड उघडं होतं. हाक मारली. परत मारली. खांदा हलवला तर मान पुढे पडली. ओठ जांभळट. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास आहे की नाही कळेना.

मी ओरडलो. आयुष्यभर ओरडत आलो, पण असा आवाज माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. शेजारचे धावत आले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खुर्चीसकट तिला दोन मजले खाली आणलं. वळणावर खुर्ची भिंतीला आपटली, तिचा हात लोंबकळला, आणि शेजारीण म्हणत होती, "वहिनी, डोळे उघडा, वहिनी, माझ्याकडे बघा." शेजाऱ्यांच्या गाडीत मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग आठवलं, आडवं नको. उभं धरलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तिचे श्वास मोजत होतो. सात झाले, आठ झाले, आणि पुढचा येईना. मग आला.

हॉस्पिटलात मास्क लावला. रक्त घेतलं. शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच नव्हता, आत साठत गेला होता, त्यानेच ती गुंगीत गेली होती. दोन तासांनी तिने डोळे उघडले. मास्कच्या आतून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नाही, छताकडे बघितलं, बराच वेळ. न्यूरॉलॉजिस्ट बाई रविवार असून आल्या होत्या. मी तयार होतो, त्यांनी मला काहीही बोलावं. त्या म्हणाल्या, "काका, खाली जाऊन काहीतरी खाऊन या." त्यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवशी तिथेच परत सोनोग्राफी झाली. डावी बाजू बंद. "हे पाच आठवड्यांत झालेलं नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "पहिल्या वेळीही डावी अशीच होती."

ती घरी आल्यावर मी बोरिवलीला गेलो. काउंटरवर रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, डाव्या बाजूचे फोटो दाखवा. मुलीने मॅनेजरला बोलावलं.

"सर, टायपिंग मिस्टेक असेल."

"असेल. फोटो दाखवा."

त्याने कॉम्प्युटर उघडला. चार फोटो. चारही उजव्या बाजूचे. प्रत्येकात यकृत. आता मला यकृत ओळखता येतं.

"डावं कुठाय?"

"सर, कधी कधी डावं क्लिअर येत नाही, मग..."

"मग आलं नाही असं लिहायचं ना! नॉर्मल कसं लिहिलंस?"

"मी नाही लिहिलं सर. सही डॉक्टरांची आहे. ते इथे बसत नाहीत. रिपोर्ट त्यांना ऑनलाइन जातात."

"म्हणजे ज्याने यंत्र लावलं त्याने सही केली नाही, आणि ज्याने सही केली त्याने तिला बघितलंच नाही?"

"सर, आवाज खाली. बाकी पेशंट आहेत."

बाकी पेशंट होते. एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या खांद्याला धरून बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि खरंच आवाज खाली आणला. तेही त्याच दाराने आत जाणार होते.

मी लेखी तक्रार दिली. पोच घेतली. पंधरा दिवसांनी परत गेलो, वरून विचारून कळवतो म्हणाले. कळवलं नाही. दरवेळी मॅनेजर वेगळा.

घरी आता मशीन आहे. झोपताना आणि दुपारी थोडा वेळ ती मास्क लावते. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी मी रोज तपासतो, दोनदा. मास्कमधून हवा गळायला लागली की मशीन शीळ घालतं आणि मी उठून पट्टा घट्ट करतो. दर दीड महिन्याला परत सोनोग्राफी असते. मी आता पडद्यावरच्या रेघेकडे बघतो आणि घासाघीस करत नाही.

तक्रारीची प्रत मी तिला वाचून दाखवली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, "आणि तुमी?" मी म्हटलं, हो. मला रिक्षातच कळलं होतं. तू दाखवलंस आणि मी ओरडलो. चूक माझी होती. तिने पाटी पुसली. माफ केलं की नाही ते मी विचारलेलं नाही. तो तिचा अधिकार आहे.

पण माझं उत्तर मी दिलं आहे. तिच्यासमोर, तोंडाने. आता ज्याने सही केली त्याने द्यावं. मला दिलगिरीचं पत्र नको, मॅनेजर नको, वरून विचारून कळवतो नको. तो डॉक्टर जिथे कुठे बसत असेल तिथून त्याने उठावं, आमच्याकडे यावं, जिना चढावा, तिच्यासमोर खुर्ची घ्यावी आणि तिला सांगावं की तिची डावी बाजू कुणी बघितली. कुणीच बघितली नसेल तर तो आकडा कुठून आणला, आणि असे किती लोकांना लिहून दिले. तिला बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.